तीन ओळी वर, तीन ओळी खाली

युनिक्सच्या मशीनवर डिव्हाइस ड्रायव्हरचा पॅच चढवायला बसलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो कुणाशी बोलत नाही. चहा आला तर घेतो, पण पीत नाही. समोरच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत असली की तो खुर्चीत मागे रेलतो आणि ती थांबली की पुढे वाकतो. आमच्या कचेरीत असा एक माणूस आहे. त्याच्या पदाचं नाव एका दमात म्हणता येत नाही म्हणून सगळे त्याला ॲडमिन म्हणतात. शिपाईकाका ‘आडमीनसाहेब’ म्हणतात, आणि त्यात थोडा आदर, थोडी कणव असते.

काम काय असतं? एका फाइलीतल्या एका ओळीतला एक शब्द आणि त्याच्यामागचा स्वल्पविराम काढायचा. बस्स. दिवस त्यात जातो.

आमच्या मशीनमध्ये एक जुनं कार्ड आहे. त्याला मागे आठ सिरीयल पोर्ट आहेत आणि त्या पोर्टांना यंत्रं लटकलेली आहेत. एक हजेरीचं, एक पावत्या छापणारं; बाकीची कशाची आहेत ते काढून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि काढून बघायची कुणाची छाती नाही. या कार्डाची आणि कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, थेट ओळख नसते. ती ड्रायव्हर करून देतो. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स रचायला घेतलं, तेव्हा एक फार सुंदर गोष्ट ठरवली: प्रिंटर असो, टेप असो, टर्मिनल असो, वापरणाऱ्याला ते फाइलीसारखंच दिसलं पाहिजे. ‘/डेव्ह’ या डिरेक्टरीत सगळ्यांची नावं, आणि नावामागे दोन आकडे. पहिला सांगतो ड्रायव्हर कोणता, दुसरा सांगतो त्याच्या हाताखालचं कितवं यंत्र. बाहेरून हे सगळं इतकं स्वच्छ दिसतं की घाण गेली कुठे असा प्रश्न पडावा. ती ड्रायव्हरमध्ये गेली. कुठल्या चिपसाठी किती मायक्रोसेकंद ताटकळायचं, कुठला बिट उलटा वाचायचा, कंपनीनं छापलेल्या माहितीपुस्तकात काय खोटं आहे, हे सगळं ड्रायव्हर पोटात घेतो. युनिक्सच्याच वळणावर गेलेल्या लिनक्सच्या कर्नेलच्या कोट्यवधी ओळींपैकी निम्म्याहून जास्त या ड्रायव्हरांच्याच आहेत.

त्यांच्यात सुखी एकच, ‘/डेव्ह/नल’चा. त्याला द्याल ते तो घेतो, सगळं मिळाल्याची पोच देतो आणि टाकून देतो. त्याच्याकडे काही वाचायला मागितलं तर ‘संपलं’ म्हणतो. त्याला पॅच लावायची वेळ आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र लिनक्सच्या घरात वाढलेला नाही. तो कार्ड बनवणाऱ्यांनी वेगळा दिला आणि नंतर त्याच्याकडे पाठ फिरवली. घरातल्या ड्रायव्हरांची काळजी कर्नेलवाले घेतात. आतल्या आत काही बदललं की ज्यानं बदललं तोच सगळीकडे फिरून दुरुस्त्या करतो. बाहेरच्यांनी आपलं आपण बघावं. आतले करार कायम ठेवा अशी मागणी बाहेरचे लोक वर्षानुवर्षं करत आले, तेव्हा ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी एक सविस्तर टिपण लिहून कर्नेलबरोबरच ठेवून दिलं. त्या फाइलीच्या नावातच या मागणीला ‘नॉन्सेन्स’ म्हटलेलं आहे, त्यामुळे आतला सूर काय असेल ते उघडण्याआधीच कळतं. मला हे टिपण आवडतं. सरकारी परिपत्रकांनाही अशी प्रामाणिक नावं मिळाली तर वाचणाऱ्यांचा किती वेळ वाचेल.

तर २०२३ साली लिनक्सची ६.४ ही आवृत्ती आली. कर्नेलमध्ये ‘क्लास-क्रिएट’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याला आधी दोन गोष्टी द्याव्या लागत: तुम्ही कुठलं मॉड्यूल (म्हणजे कर्नेलला जोडायचा तुकडा), आणि तुम्हाला नाव काय हवंय. ६.४ पासून पहिली गोष्ट देणं बंद झालं. कारण असं निघालं की त्या पहिल्या गोष्टीचा उपयोगच नव्हता. इतकी वर्षं सगळे ड्रायव्हर ती निमूटपणे देत होते, कर्नेल ती घेत होता आणि तिचं काहीही करत नव्हता. हे लक्षात आल्यावर कर्नेलनं ती नको म्हटलं. आणि ज्या दिवशी नको म्हटलं त्या दिवसापासून ती देणारा प्रत्येक ड्रायव्हर गुन्हेगार ठरला. आमचा त्यातला.

कुणा परोपकारी माणसानं यावर पॅच लिहून ठेवलेला असतो. असतोच. आपल्यासारखंच दुर्दैवी कार्ड बाळगणारा एक तरी माणूस जगात असतो आणि तो आपल्यापेक्षा दोन महिने आधी रडलेला असतो.

पॅच म्हणजे दुरुस्त केलेली फाइल समजू नका. तो जुन्या आणि नव्या फाइलींतला फक्त फरक असतो. हा फरक काढणारा ‘डिफ’ बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकातच तयार झाला होता. लॅरी वॉल यांनी उलट्या बाजूनं विचार केला: फरक हाती असेल तर जुन्यावरून नवं करता आलं पाहिजे. १९८५ साली त्यांनी ‘पॅच’ हा प्रोग्राम लिहून फुकट वाटून टाकला. दोन वर्षांनी पर्ल ही भाषा काढणारे वॉल ते हेच. शिक्षण भाषाशास्त्राचं. नवरा-बायकोचा बेत असा होता की कुठेतरी दूर जाऊन लिपी नसलेली एखादी भाषा गाठायची, तिला लिपी द्यायची आणि तिच्यात बायबल न्यायचं. तो बेत राहून गेला. पर्लचा कोड पाहिलेले लोक म्हणतात, लिपीचा भाग मात्र त्यांनी पुरा केला.

वॉल यांच्यापुढची खरी अडचण पत्त्याची होती. ‘दोनशे चौदावी ओळ बदला’ एवढ्यानं भागत नाही. तुमच्या फाइलीत कुणीतरी वरच्या अंगाला चार ओळी घुसवलेल्या असतात आणि चौदावी ओळ आता अठरावी झालेली असते. आपल्याकडेही नुसत्या ‘प्लॉट क्रमांक ४७’वर विसंबून कुणी कुणाच्या घरी पोचल्याचं उदाहरण नाही. मारुतीच्या देवळावरून पुढे या, पिठाची गिरणी लागेल, गिरणी आणि दवाखाना यांच्या मधलं घर. पॅच नेमका हाच पत्ता घेऊन फिरतो. बदलायच्या ओळीच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी त्याच्या खिशात असतात. आधी तो आकड्याच्या जागी जातो. शेजारी ओळखीचे दिसले तर काम उरकून गप्प बसतो. नाही दिसले तर थोडा वर जातो, थोडा खाली येतो, दारं वाजवतो, आणि सापडले की कळवतो: हंक १ जमला, ऑफसेट १२ ओळी. गिरणी मिळाली, पण बारा घरं पुढे. हंक म्हणजे बदलाचा एक तुकडा.

तरीही नाही सापडलं तर? तर तो सगळ्यात लांबचे शेजारी सोडून देतो आणि उरलेल्यांकडे पुन्हा चौकशी करतो. मग आणखी एकेक सोडतो. याला ‘फझ’ म्हणतात, आणि आपण वेगळं सांगितलं नाही तर तो फझ दोनपर्यंतच जातो. ‘हंक जमला, फझ २’ याचा अर्थ असा की देवळाचा पत्ता नाही, दवाखाना बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान आलंय, पण गिरणी आहे; तेव्हा घर हेच असणार, मी आत जाऊन फर्निचर हलवून आलो आहे.

फझ २ दिसला की ॲडमिनचा चेहरा उतरतो. कारण सी भाषेत महिरपी कंस बंद होणाऱ्या ओळी गल्लोगल्ली सारख्याच असतात, आणि पॅच भलत्याच घरात शिरलेला असला तरी त्याच्या आवाजात तोच आत्मविश्वास असतो. त्या मानानं सरळ हरलेला पॅच बरा. ‘हंक ३ फसला’ असं तो कबूल करतो, न जमलेला तुकडा ‘.रेज’ शेपटीच्या फाइलीत बांधून दारात ठेवतो, आणि मूळ फाइलीची प्रत ‘.ओरिज’ म्हणून जपतो. पुढचं तुम्ही हातानं करा.

हे सगळं होण्याआधी ‘पी शून्य की पी एक’ हा वाद मिटावा लागतो. पॅचमध्ये फाइलीचा मार्ग लिहिलेला असतो, आणि त्यातल्या सुरुवातीच्या किती डिरेक्टऱ्या गाळायच्या ते आपण सांगायचं. पॅच लिहिणारा कुठे उभा होता आणि आपण कुठे उभे आहोत, यावर उत्तर अवलंबून. विचार करून ते काढता येतं. पण अनुभवी माणसं विचार करत नाहीत. आधी एक घालून बघतात, मग शून्य, मग जेवायला जातात.

युनिक्सच्या मानानं पॅच बोलका आहे. सविस्तर सांग म्हटलं तर तो खरोखर ‘हंऽऽ’ करून सुरुवात करतो आणि म्हणतो, हा मला युनिफाइड डिफ दिसतोय. पण बोलका आहे म्हणून गोड आहे असं नाही. दिलेल्या मजकुरात निव्वळ कचरा सापडला, असंही तो तोंडावर सांगतो. पॅच मेलमधून कॉपी करून चिकटवला तर आणखी वेगळी पंचाईत होते, कारण त्या प्रवासात टॅबच्या जागी स्पेस येतात. डोळ्यांना फरक शून्य, पॅचच्या दृष्टीनं शेजारी बदलले. कर्नेलवाल्यांचं टॅबप्रेम कडवं आहे. टॅब आठ अक्षरांएवढी. चारची मानणारे म्हणजे पायची किंमत तीन ठरवायला निघालेले लोक, असं त्यांच्या लेखननियमांत लिहून ठेवलंय.

पण पॅचचा सगळ्यात घातक प्रश्न वेगळाच आहे. पॅच आधीच लावलेला असेल आणि आपण पुन्हा लावायला गेलो तर तो थांबतो आणि अदबीनं विचारतो: हा उलटा दिसतोय किंवा आधीच लावलेला दिसतोय, उलटा धरून चालू का? घाईतला माणूस ‘हो’ म्हणतो. मग पॅच लावलेली दुरुस्ती काळजीपूर्वक काढून टाकतो, एकही चूक न करता, आणि दोघेही समाधानानं पुढच्या कामाला लागतात.

पुढचं काम म्हणजे ‘मेक’. हाही बेल लॅब्जचाच, स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेला. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाही. ही चूक फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यातले बरेचसे मित्र, त्यांना कशाला त्रास, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. डझनभर मित्रांची सोय झाली, आणि पृथ्वीवरचे उरलेले प्रोग्रामर जवळजवळ पन्नास वर्षं टॅब मोजतायत. मैत्री निभावणं याला म्हणतात. मेकला सगळं जुळलेलं वाटलं तर तो एकच वाक्य बोलतो: करण्यासारखं काही नाही. भर कामाच्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, पगारी माणसांच्या कचेरीत हे वाक्य पडद्यावर यावं आणि नेमके मॅनेजरसाहेब मागे उभे असावेत.

ड्रायव्हर तयार झाला की जुना काढायचा आणि नवा घालायचा. लिनक्समध्ये त्यासाठी मशीन बंद करावं लागत नाही, निदान पुस्तकात तरी. प्रत्यक्षात जुना काढायला गेलं की उत्तर येतं, मॉड्यूल वापरात आहे. कोण वापरतंय? ते तो सांगत नाही. मग ॲडमिन ‘वॉल’ ही आज्ञा वापरून सगळ्यांच्या टर्मिनलवर निरोप धाडतो. (या वॉलचा लॅरी वॉलशी संबंध नाही, हे ‘सगळ्यांना लिही’चं लघुरूप.) निरोप सगळ्यांच्या पडद्यावर, चालू कामाच्या छाताडावर उमटतो. सगळे ॲडमिनला शिव्या घालतात आणि काम चालू ठेवतात. शेवटी त्याला उठून अकाउंट्समध्ये जावं लागतं.

‘‘मॅडम, जरा बाहेर पडता का सिस्टिममधून?’’

‘‘एवढं एक व्हाउचर.’’

‘‘पोर्ट मोकळा करायचाय.’’

‘‘हो हो, करा की. एवढं एक व्हाउचर झालं की.’’

व्हाउचर संपतं तेव्हा कळतं की पोर्ट अडवून बसलेल्या त्या नव्हत्याच. अडवून बसलेलं लॉगिन एका गृहस्थांचं असतं. ते परवापासून गावी आहेत. त्यांचं टर्मिनल मात्र इमानानं हजर आहे.

हे सुद्धा सुखाचे दिवस. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बँकांच्या शाखा संगणकावर आल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मागच्या खोलीत पीसीवर चालणारं युनिक्स आणि पुढे काउंटरवर त्याला जोडलेले मुके टर्मिनल अशी मांडणी असे. तिथे नवा ड्रायव्हर म्हणजे आख्खा कर्नेल पुन्हा बांधणं. बांधून झाला की मशीन विचारायचं, यापुढे हाच सुरू करायचा का? त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला जिगर लागे, कारण उत्तर उद्या सकाळी पासबुकं घेऊन आलेल्या रांगेसमोर कळणार असे. जुना कर्नेल ‘युनिक्स.ओल्ड’ या नावानं पडून असायचा. नवा उठलाच नाही तर मशीन सुरू होताना ते नाव हातानं टाइप करायचं, की कालचं जग परत. एवढी आठ अक्षरं ज्याला पाठ, त्याच्यासाठी त्या दिवशी मॅनेजरची खुर्ची सुद्धा पुसून ठेवत.

मोठ्या मशीनवाल्यांचे थाट आणखी वेगळे होते. सोलारिसच्या पॅचना नावं नव्हती, आकडे होते. १०८५२८-२९ म्हटलं की जाणकार माना डोलवायचे. आयबीएमच्या एआयएक्सवर ‘स्मिट’ नावाचा प्रकार होता आणि त्याच्या खिडकीत एक छोटा माणूस. काम चालू असेपर्यंत तो धावत राहायचा. काम फत्ते झालं की हात उंचावायचा, आणि फसलं की तोंडावर आपटायचा. माझ्या मते संगणकाच्या इतिहासात यापेक्षा स्पष्ट संदेश कुणी लिहिलेला नाही. त्याला पडताना पाहून निदान आपल्याबरोबर कुणीतरी पडलं एवढं समाधान मिळे.

मशीन बंद करायची वेळ आलीच तर ॲडमिनला दुःख होतं ते वेगळ्याच गोष्टीचं: त्याच्या ‘अपटाइम’चं. मशीन किती दिवस न थांबता चालू आहे हा आकडा या लोकांच्या मिशीचा पीळ असतो. जुन्या बत्तीस बिटी लिनक्समध्ये हा पीळ ४९७ दिवसांनी आपोआप सुटायचा, कारण सेकंदाला शंभर टिचक्या मोजणारा मोजणीदार तिथे भरून पुन्हा शून्यावर येई. ४९८व्या दिवशी मशीन सांगे, मी काल उठलो. ज्यांनी दीड वर्ष वीजवाल्यांशी भांडून तो आकडा सांभाळला, त्यांनी काय करावं?

असो. आमच्या इथे गावी गेलेल्या गृहस्थांचं लॉगिन मारून टाकण्यात आलं, जुना ड्रायव्हर निघाला आणि नवा घातला. उत्तर: अवैध मॉड्यूल फॉरमॅट. हे ऐकून घाबरायचं नसतं. प्रत्येक मॉड्यूलवर तो कुठल्या कर्नेलसाठी बांधलाय याचा शिक्का असतो. डिस्कवर नवा कर्नेल येऊन पडलेला असतो, पण चालू असतो जुनाच, कारण अपटाइमच्या प्रेमापोटी कुणी मशीन पुन्हा सुरू केलेलं नसतं. म्हणजे दुखणं मिशीचंच. मशीन पुन्हा सुरू करावं लागलं. ॲडमिननं आकडा शेवटचा एकदा पाहून घेतला.

मग नवा ड्रायव्हर घातला आणि काहीच झालं नाही.

युनिक्सवर यालाच यश म्हणतात. बातमी वाईट असेल तरच बोलायचं, अशी त्याची जुनी रीत. पण नवख्याला कसं कळावं, की ही काम झाल्याची शांतता आहे की मशीन गोठल्याची? म्हणून ‘डीमेसेज’ लावून कर्नेलची डायरी उघडायची. तिथे आमच्या ड्रायव्हरची नोंद सापडली: बाहेरचं मॉड्यूल घेतल्यानं कर्नेल बाटला आहे. शब्द खरंच याच अर्थाचा आहे, आणि ते मॉड्यूल पुन्हा काढून टाकलं तरी मशीन बंद होईपर्यंत विटाळ जात नाही. बाटलेल्या कर्नेलची तक्रार घेऊन गेलं तर कर्नेलवाले आधी ते मॉड्यूल काढून या म्हणतात.

ही डायरी वाचण्यासारखी असते. लिनक्सच्या समांतर पोर्टवरच्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये एक संदेश आहे: एलपी-शून्य पेटला आहे. तो कधी यावा यालाही तर्क आहे. प्रिंटर म्हणतो, काहीतरी बिघडलंय. ड्रायव्हर विचारतो, कागद संपला? नाही. ऑफलाइन आहेस? नाही. मग उरलं काय? आग. पोलिसी तपासाची ही पद्धत मला मान्य आहे. दुसरा एक जुना संदेश म्हणे, ‘हा टाइपरायटर नव्हे’. युनिक्स लहान असताना टर्मिनल म्हणजे खटाखट छापणारं टेलिटाइप यंत्र होतं. त्याच्यासाठीची आज्ञा भलत्याला दिली की हे उत्तर मिळे. टाइपरायटर गेले, पण उत्तर कितीतरी वर्षं राहिलं, आणि पत्र का पोचलं नाही असं विचारणाऱ्यांनाही ते मिळालं.

संध्याकाळी पावत्या छापून निघाल्या, हजेरीचं यंत्रही चालू झालं. उरलेल्या पोर्टांना काय लटकलंय ते अजूनही कुणाला ठाऊक नाही, पण तेही चालू झालं असणार, कारण कुणी तक्रार केलेली नाही.

ॲडमिनची मात्र सुटका नाही. लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. दर वेळी हा खेळ नको म्हणून त्यानं ड्रायव्हर कर्नेलच्या घरातच दत्तक द्यायचं ठरवलंय. त्यासाठी पॅच कर्नेलवाल्यांकडे मेलनं पाठवायचा. खाली सही करायची, की हे लिखाण द्यायचा मला हक्क आहे. ही सही २००४ पासून सक्तीची आहे. पाठवण्याआधी ‘चेकपॅच’कडून तपासून घ्यायचा, आणि तो लिहिलाय पर्लमध्ये. म्हणजे वॉल यांच्या एका अपत्यानं लावायचं ते आधी दुसऱ्याला दाखवायचं, आणि हा दुसरा ओळीच्या शेवटची न दिसणारी स्पेस सुद्धा सोडत नाही. त्यातून पार पडलं की माणसांची उत्तरं येतात. एका पॅचचे तीन करा. वर्णनाचं पहिलं वाक्य आज्ञार्थी लिहा. हे नाव बदला. ते बदललं की दुसऱ्या कुणाला पहिलंच बरं वाटतं. मग सुधारून दुसरी आवृत्ती पाठवायची, मग तिसरी.

परवा मॅनेजरसाहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

‘‘काय हो, ते ड्रायव्हरचं काम झालं ना?’’

‘‘झालं साहेब, मागेच.’’

‘‘मग आता काय चाललंय?’’

‘‘तेच.’’